पत्र्याने आवाज थांबत नाही, समोरच्या अंगणात जातो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेवराईजवळ सोलापूर-धुळे महामार्गाला लागून माझं घर आहे. उसाचा हंगाम लागला की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रभर गाणी लावून जातात, मागून ट्रेलर. फडताळातली भांडी आपोआप वाजतात. रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. ट्रेलरला ती कोण वाचून दाखवणार?

मध्यंतरी समोरच्या वस्तीसाठी रस्त्याकडेला उंच पत्रे उभे राहिले. त्यांना झोप लागली, आमची होती तीही गेली. सपाट पत्रा आवाज गिळत नाही, परतवतो. तो मुरवायला भोकं पाडलेला पत्रा आणि मागे रॉकवूल (दगडाच्या तंतूंची गादी) लागतं. गल्लीतली पोरं आता तेच मागताहेत. बरोबरच आहे, पण टोलनाक्याजवळ तेवढ्यानं भागणार नाही; तिथे फास्टॅग वाचणाऱ्या रेडिओलहरीचाही प्रश्न आहे.

मी निवृत्त विज्ञान शिक्षक, म्हणून गणित मांडतो. टायरचा आवाज मुख्यतः हजार हर्ट्झच्या आसपास असतो; त्या लहरीची लांबी ३४ सेंमी. फास्टॅगची रेडिओलहर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झची. तिची लांबी ३५ सेंमीच्या आत-बाहेर. दोन्ही दीड वीत! गंमत अशी, की आवाज बोटाएवढ्या भोकातून आत शिरतो, रेडिओलहरीला मात्र तोच पत्रा आरसा वाटतो. ती तिथून उसळून भलत्याच गाडीच्या टॅगवर पडू शकते. दिवाळीत मी रांगेत तिसरा असतानाच माझे पैसे कटले आणि दांडा पुढच्यासाठी वर गेला. नाक्यावरचा पोरगा हातातलं मशीन घेऊन माझ्याकडे, मी त्याच्याकडे बघत राहिलो. दोष परावर्तनाचाच होता, असं छातीठोक म्हणणार नाही.

यावर उपाय आहे. दर्शनी भाग धातूचा नको, सिमेंट मिसळलेल्या लाकूडकिसाच्या बोर्डाचा हवा, आणि त्यामागे फेराइटच्या, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून केलेल्या चुंबकीय सिरॅमिकच्या, फरशा. काही मिलिमीटर जाडीच्या या फरशा रेडिओलहर उष्णतेत जिरवतात. त्या जड आणि महाग असल्यानं नाक्यालगतच बसवाव्यात. वस्तीपुढे नुसता आवाज शोषला तरी पुरे. बोर्डासाठी लाकूडच कशाला? पऱ्हाटीपासून (कापसाच्या वाळलेल्या झाडांपासून) पार्टिकल बोर्ड करण्याचं तंत्र मुंबईच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेकडे आहे आणि आपण पऱ्हाटी बांधावर पेटवतो. पाण्यापासून आणि वाळवीपासून हे बोर्ड जपावे लागतील, हे खरं.

निविदेत नुसतं ‘पत्रा, उंची अमुक’ लिहू नये. किती आवाज शोषला पाहिजे तो आकडा लिहावा, आणि पत्रे लावल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, रात्री दहानंतर, मोजणी करावी.

आपला,
एक वाचक, गेवराई (जि. बीड)