काका, तुम्ही आमचा जॉब परत पाठवलात त्याबद्दल थँक्यू

काका,

तुम्ही हे स्वतःहून वाचणार नाही माहितीये, तुमच्या फोनवर गुड मॉर्निंगची फुलं आणि गावच्या देवळाचे फोटो सोडून काही नसतं, पण तुमचा मुलगा वाचेल आणि जेवताना तुमच्यासमोर धरेल म्हणून इथेच लिहितोय. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. कुर्ल्याचे लेथवाले काका एवढं पुरे. (लेथ म्हणजे लोखंड फिरवत कापायचं मशीन, आणि त्यावर करून घ्यायचं काम म्हणजे जॉब.)

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आम्ही चौघं, मेकॅनिकल, लास्ट इयर. प्रोजेक्ट होता जिना चढणारी ट्रॉली, म्हणजे एका बाजूला तीन चाकांची चांदणी, दुसऱ्या बाजूला तशीच, ओढत नेलं की चांदणी गरकन फिरते आणि पुढचं चाक वरच्या पायरीवर बसतं. डोक्यात होता गॅसचा सिलेंडर, आत 14.2 किलो गॅस आणि रिकाम्या टाकीचं वजन धरून साधारण 30 किलो. आमच्यातल्या एकाची आजी लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते, तिथूनच आयडिया आली. कॉम्प्युटरवर कॅडमध्ये मॉडेल झकास फिरत होतं, गँट चार्ट (कामांचं वेळापत्रक) पण रंगीत केला होता, त्यात 'फॅब्रिकेशन : 7 दिवस' असं लिहिलं होतं आणि ते सात दिवस नेमके गणपतीतले. काका तुम्ही तेव्हा कुडाळला, गाळ्याला कुलूप, आणि लालबागला जिना मोजायला जायचं तर राजाच्या रांगेतून वाट काढत जावं लागलं असतं. चार्ट करताना मुंबईत राहणाऱ्या चार पोरांपैकी एकाच्याही हे लक्षात आलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

तर तुम्ही गावाहून आलात आणि आम्ही ड्रॉइंग घेऊन हजर. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून एक मिनिट बघितलंत आणि म्हणालात, झिला, टॉलरन्स खंय आसा? टॉलरन्स म्हणजे मापात किती फरक चालेल ते. आम्ही बेअरिंगच्या (दोन रिंगा, मधे गोळ्या) घराला, म्हणजे ते बसतं त्या भोकाला, नुसतं 52 मिमी लिहिलं होतं आणि शाफ्टला, म्हणजे मधल्या दांड्याला, 25. मग तुम्ही तो प्रश्न विचारलात जो मला आयुष्यभर आठवणार आहे, फिरतंय काय, शाफ्ट की चाक? आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. चौघांनीही मशीन डिझाइनचा पेपर पास केला होता बरं का. आमचा शाफ्ट फ्रेमला बोल्ट केलेला, तो जागचा हलत नाही, त्याच्याभोवती चांदणी फिरते, म्हणजे बेअरिंगची बाहेरची रिंग फिरणार. पण आम्ही पुस्तकातल्या मोटरच्या उदाहरणावरून शाफ्टवर टाइट फिट आणि घरात सैल असं ठरवून बसलो होतो, म्हणजे बरोब्बर उलटं. लोडच्या हिशोबाने जी रिंग फिरते ती घट्ट बसली पाहिजे, सैल राहिली तर ती आपल्या घरातच हळूहळू सरकत फिरते आणि घर खाऊन टाकते, मग चांदणी डुगडुगायला लागते. हे तुम्ही आम्हाला सरळ सांगितलं नाहीत, कोपऱ्यातल्या भंगाराच्या डब्यातून एक जुना हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, काढून हातात दिलात, आतून आरशासारखा गुळगुळीत घासलेला, आणि म्हणालात बघा, हे असं होतं, आता घरी जाऊन ड्रॉइंग करून आणा. आणि लेथ चालू केलात.

तेव्हा खरं सांगू का, आम्ही बाहेर येऊन तुम्हाला शिव्या दिल्या. पैसे देतोय तर करून द्यायला काय होतं, वगैरे. बाजूच्या गाळ्यात गेलो असतो तर तो माणूस 'होऊन जाईल' म्हणाला असता आणि तसंच करूनही दिलं असतं.

दुसऱ्या वेळी फिट बरोबर होतं पण तुम्ही शाफ्टवर बोट ठेवलंत. मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे स्टीलच्या गोल बारच्या एका मीटरचं वजन किलोत. हे तुम्ही चहा ओतता ओतता तोंडी केलंत, 25 चा वर्ग 625, म्हणजे मीटरला पावणेचार किलोच्या वर, आणि हा उचलणार कोण, ती म्हातारी? आम्ही घरी येऊन शाफ्ट वाकेल का याचं, बेंडिंगचं, कॅल्क्युलेशन परत केलं तर फॅक्टर ऑफ सेफ्टी तिसाच्या वर निघाला, म्हणजे गरजेच्या तीसपटीहून जास्त मजबूत. 16 मिमीचा ब्राइट बार (गुळगुळीत स्टीलची सळी) घेतला, टोकं लेथवर टर्न करून 15 केली, बेअरिंग 6205 नंबरची 6202 झाली, म्हणजे आतून 15, बाहेरून 35, जाडी 11 मिमी. नागदेवी स्ट्रीटला चार बेअरिंग घ्यायला गेलो तर दुकानदार विचारतो झेडझेड (पत्र्याचं झाकण) की टूआरएस (रबर सील), आणि आम्ही परत एकमेकांकडे बघतोय. पावसात जाणार म्हणून रबर सीलवाली घेतली. प्लेटा पण 6 मिमीऐवजी 3 मिमी जाडीच्या झाल्या, अख्खी ट्रॉली कागदावर 22 किलोची 11 वर आली.

लेझर कटिंगला द्यायच्या आधी प्लायवर कापून बघा हे पण तुमचंच. आम्हाला वाटलं वेळ जाईल. प्लायची चांदणी घेऊन कुर्ल्याहून स्लो लोकलच्या लगेज डब्यातून करी रोडला उतरलो, एक मावशी विचारत होत्या हा मखराचा भाग आहे का. चाळीत पहिल्या दोन पायऱ्या मस्त चढली, तिसरीला चाक कडेवर टेकलं आणि सरकून खाली. आमचं सगळं माप कॉलेजच्या जिन्याचं होतं, पायरीची 150 मिमी उंची, 300 रुंदी. चाळीचा लाकडी जिना 200 ला 220, तोही सरासरी, मधे झिजलेला. दोन चाकांच्या सेंटरमधलं अंतर म्हणजे पायरीचा कर्ण, त्याला 1.732 ने भागलं की चांदणीच्या हाताची लांबी येते, म्हणजे 194 च्या जागी 172. बावीस मिमी! तो प्लायचा तुकडा दोनशे रुपयाचा होता, स्टील कापून बसलो असतो तर आमचं बजेट तिथेच झोपलं असतं.

तिसऱ्या वेळी तुम्ही ड्रॉइंग बघून काहीच बोलला नाहीत, लेथच्या चकमध्ये (पकडीत) जॉब पकडलात. 35 च्या घराला एम7 टॉलरन्स, म्हणजे शून्य ते उणे 25 मायक्रॉन, केसाच्या निम्म्याहून कमी, आणि तुमची ती जुनी लेथ जिला खंडेनवमीचा झेंडू अजून लटकत होता. शेवटचा कट घेताना तुम्ही कोणाला बोलू देत नव्हतात. वेल्डिंग चालू असताना आम्ही टेस्टिंगला खरा सिलेंडर आणू का विचारलं तेव्हा जे ऐकवलंत ते इथे लिहू शकत नाही, वाळूच्या गोणीवर काम भागवलं.

रिझल्ट पण खरा सांगतो. गॅसवाल्या दादाने एकदा ट्रॉली ओढून बघितली, हसला, आणि सिलेंडर खांद्यावर टाकून आमच्या आधी वर पोचला. पण आजीच्या शेजारच्या काकू आता त्यावरून गहू दळून आणतात आणि पाण्याचे कॅन चढवतात, परत मागायची आमची हिंमत नाही. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नलनी (बाहेरून आलेल्या परीक्षकांनी) एकच विचारलं, मोटर का नाही लावली? मी म्हटलं सर, मोटर बॅटरीसकट रिकामी ट्रॉली कोण चढवणार. त्यांनी ब्लॅक बुक, म्हणजे आमचा प्रोजेक्ट रिपोर्ट, बंद केलं. अॅक्नॉलेजमेंटच्या पानावर गाइड सर, एचओडी, प्रिन्सिपल सगळे आहेत, ते ठरलेल्या मजकुराचं पान असतं, तुमचं नाव तिथे घालायला गेलो तर फॉरमॅटमध्ये बसत नाही म्हणाले, म्हणून हे पत्र.

आणि हो, तुमचा माप घ्यायचा व्हर्नियर अजून माझ्याच बॅगेत आहे. आठवडाभरासाठी दिला होतात, दोन महिने झाले. शनिवारी आणून देतो, वडापाव घेऊन येतो, तेवढं ओरडू नका.

तुमचा,
टॉलरन्स न लिहिणारा पोरगा