मस्कतला जाण्याआधी

प्रिय आई आणि बाबा,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

फोनवरच सांगणार होते, पण आई रडायला लागली की मी सगळ्याला हो म्हणते, म्हणून लिहितेय. मस्कतच्या हॉस्पिटलला मी होकार कळवला. करार 2 वर्षांचा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायचं. म्हणजे नाताळला दादा नाही आणि मीही नाही. हे वाक्य तीनदा खोडलं, शेवटी राहू दिलं.

कारणं तुम्हाला माहीत आहेत. दादाच्या आजारपणाचं कर्ज आहे, इथल्या पगारात नुसतं व्याज फिटतं. बाबांचा मोतीबिंदू काढायचाय. आणि खरं सांगू? वॉर्डात त्याच्या वयाचा पेशंट आला की सलाईन लावताना माझा हात थरथरतो. जागा बदलली की थांबेल असं वाटतं. नाहीच थांबला तर परत येईन. मस्कत काही लांब नाही गं आई. मुंबईहून विमान तीन तासांच्या आत पोचतं, मला पुण्याहून एसटीने घरी यायला त्याहून जास्त वेळ लागतो.

'तुम्ही एकटे नाही, देव आहे' असं लिहिणार होते. पण पोरीने विमानात बसायचं आणि देवाला तुमच्या उशाशी बसवून जायचं, हे बरं दिसत नाही.

बाबा, दादाच्या दफनाच्या दिवशी कुणीतरी म्हणालं की देवाला चांगली माणसं हवी असतात. तुम्ही काही न बोलता हापशापाशी जाऊन उभे राहिलात. त्यानंतर उपासनेला गेला नाहीत. आई कुरकुरते, मी नाही कुरकुरणार. मेलेल्या लाजराला आता उठवायचंच आहे हे ठाऊक असूनही प्रभू रडला. लाजराच्या बहिणींना, मार्था-मरियेला, त्याने 'रडू नका' म्हटलं नाही. पाळकसाहेब आले तर दार उघडा, चहा द्या, एवढं केलंत तरी पुरे.

आजी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या गोष्टी सांगायची, आठवतंय? रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, 1880 ला भाऊ, 1882 ला नवरा. आणि 1921 ला मनोरमा, एकुलती एक लेक. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, एप्रिल 1922 मध्ये त्या स्वतः गेल्या. आजी म्हणायची, एवढं बायबल मराठीत आणणारी बाई, तिला दुखलं नसेल? विश्वास असला म्हणजे दुखत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला?

परवा रात्रपाळीला तीनच्या सुमारास तेविसावं स्तोत्र मनात म्हणत होते. बाबा, तुम्हीच पाठ करून घेतलेलं, चुकलं की कान पिळून. इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं ते त्या रात्री आलं. सुरुवातीला दावीद देवाला 'तो' म्हणतो. कुरणात बसवणारा तो, पाण्याजवळ नेणारा तो. अंधाऱ्या दरीत पाय पडला की एकदम 'तू' होतं: तू माझ्याबरोबर आहेस. दरी तीच राहते, अंधारही तोच. आपल्यात 'तू' म्हणतात ते आईला आणि देवाला. औषधांच्या ट्रॉलीला टेकून मी जरा वेळ उभी राहिले. मग बेल वाजली.

आई, आता तुझं. रात्री जेवत नाहीस हे शेजारच्या मामींनी मला सांगितलंय, त्यांच्यावर रागावू नकोस. एलिया संदेष्टा झुडपाखाली पडून 'मला मरण दे' म्हणाला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताने हात लावून उठवलं, ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि उशाशी पाणी. तो खाऊन परत झोपला, तरी दूत दुसऱ्यांदा आला. मामी पिठलं-भाकरी घेऊन येतात ना, त्यांना परत पाठवू नकोस. इन्शुलिन घेऊन उपाशी झोपलीस तर साखर एकदम उतरेल, हे मी तुला नर्स म्हणून सांगतेय. खडीसाखर उशाशी ठेव. गोळ्यांचे डबे वारांप्रमाणे भरून फळीवर ठेवून जाईन, निळा बाबांचा.

गॅसचं बुकिंग मी तिथून करीन. टाकी साफ करायला बाबांनी शिडीवर चढायचं नाही, माणूस सांगून ठेवलाय. नाताळच्या करंज्या थोड्याच कर, आणि तू चाखायच्या नाहीत. कबरेला चुना मी निघण्याआधी येऊन लावीन, तो तुमच्यावर सोडणार नाही.

बाबा, दादाच्या नंबरचं रिचार्ज तुम्ही अजून करता, मला माहीत आहे. करत राहा.

तिकडे घड्याळ दीड तास मागे आहे. तुमची नऊची प्रार्थना म्हणजे माझे साडेसात. त्या वेळी फोन स्पीकरवर टेबलावर ठेवा, दादाच्या खुर्चीकडच्या बाजूला, तिथे रेंज बरी येते. वाचावंसं वाटलं नाही तर नका वाचू. नुसता फोन चालू राहू द्या.

तुमची,
बेबी