ओलांडताना दीड मीटर सोडा

महोदय,

वाशी ते बेलापूर जोडणाऱ्या पाम बीच मार्गावर पहाटे अनेक सायकलस्वार दिसतात, आणि नेमक्या त्याच वेळी रिकामा, सरळ रस्ता पाहून मोटारी भरधाव सुटतात. ताशी ३० किलोमीटरचा वेग ६० झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, हे चालकांच्या लक्षातच येत नाही. सायकलस्वाराला खड्डा किंवा गटाराची जाळी चुकवण्यासाठी अचानक उजवीकडे सरकावे लागते. म्हणून त्याला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडणे अत्यावश्यक आहे. हॉर्न हा त्याला पर्याय नव्हे. सायकलस्वारांनीही अंधारात मागचा लाल दिवा लावलाच पाहिजे. वाहतूक पोलिसांनी या मार्गावर पहाटेही वेगतपासणी करावी, ही कळकळीची विनंती.

— एक सायकलस्वार, नेरूळ, नवी मुंबई