प्रिंटरवाल्या ताईंना, उशिरा का होईना, थँक्यू

ताई नमस्कार,

परवा फोन ठेवताना तुम्ही म्हणालात "कागद आला ना बाहेर, मग झालं" आणि मी तो कागद उलटसुलट करून बघण्यात इतका गुंग की धड आभारही मानले नाहीत, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय कारण जुना लेझर प्रिंटर घेऊन लिनक्ससमोर डोकं धरून बसलेला मी एकटाच नसणार. बाकीच्यांना तुम्ही फोनवर भेटणार नाही, पण तुम्ही मला कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारलेत ते तरी कळेल.

झालं असं की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि माझ्या लॅपटॉपमध्ये ती टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप नसल्यामुळे विंडोज ११ घेईना, म्हणून मग हिंमत करून विंडोजच्या जागी मिंट, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकलं. वायफाय चाललं, आवाज चालला, वेबकॅम चालला, मला वाटलं लोक उगाच घाबरवतात. मग प्रिंटर जोडला. नाव बरोबर दिसलं, मॉडेल बरोबर दिसलं, प्रिंट दिली तर स्क्रीनवर "पूर्ण झाले" आणि प्रिंटर ढिम्म. एरर नाही काही नाही. एरर आली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

तुम्हाला फोन करायच्या आधी चार दिवस मी काय काय केलं ते तुम्हाला पूर्ण सांगितलं नव्हतं, लाज वाटली, आता सांगतो. एकच प्रिंटर पाच वेगवेगळ्या नावांनी ॲड केला. जिथे दिसेल तिथली कमांड सुडो (म्हणजे ॲडमिनचे सगळे हक्क) लावून चिकटवली. केबल बदलली, मग परत पहिलीच लावली. एका फोल्डरला सगळ्यांना सगळे हक्क देऊन टाकले, ते का केलं मलाच आठवत नाही. घरात सगळ्यांचं एकच, जुना झालाय, फेकून द्या. पण टोनर अर्ध्याहून जास्त भरलेला, रोलर ठीक, कागद कधी अडकत नाही, असा धडधाकट प्रिंटर नुसता ड्रायव्हरपायी, म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटरमधल्या दुभाषा प्रोग्रामपायी, फेकायचा हे मनाला पटत नव्हतं.

आणि मग तुमचं पहिलं वाक्य, "आता काहीही टाइप करू नका." दुसरा प्रश्न, प्रिंटर चालू केल्यावर कुठला दिवा लागतो आणि आतून काही घरघर ऐकू येते का. मी म्हटलं दिवा लागतो, घरघर नाही. तुम्ही फक्त "हं" म्हणालात. आता कळतंय की तुम्हाला तिथेच अंदाज आला होता, पण तुम्ही मला तो सांगितला नाहीत, एकेक टप्पा बघायला लावलात, आणि मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

आधी एलएसयूएसबी ही कमांड, म्हणजे कॉम्प्युटरला केबलच्या टोकाला काही दिसतंय का. दिसलं. मग एलपीइन्फो, म्हणजे कप्सला तो प्रिंटर दिसतोय का. दिसला. (कप्स म्हणजे लिनक्समधली छपाईची यंत्रणा. मायकल स्वीट यांनी १९९७ मध्ये लिहायला घेतली, १९९९ मध्ये बाहेर आली आणि मॅकमध्येही तीच चालते हे तुमच्याकडूनच कळलं. मला ते नाव ऐकून आधी चहाचे कप आठवले होते.) मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि ६३१ पोर्ट टाकून त्याचं पान उघडायला लावलंत आणि तिथे माझे ते पाच प्रिंटर रांगेत उभे! तुम्ही हसलात पण बोलला काही नाहीत, चार काढून टाकायला सांगितलेत, राहिलेला पाचवा कधीचा पॉज होऊन बसला होता तो चालू केला. तरी कागद नाही.

मग लॉग, म्हणजे कप्सने काय काय केलं त्याची नोंद. ती बारीकसारीक तपशिलासकट (डीबग लॉगिंग) चालू करून एक पानाची टेस्ट प्रिंट, आणि तो भलामोठा एरर लॉग मी तुम्हाला फोनवर वाचून दाखवतोय. अर्धा तास. तुमच्या सहनशक्तीला खरंच दंडवत. त्यात चूक कुठेच नव्हती, पानाचा पीडीएफ झाला, घोस्टस्क्रिप्ट नावाच्या प्रोग्रामने त्याचे ठिपके केले, ड्रायव्हरने ते ठिपके प्रिंटरच्या भाषेत बांधले, बाइट केबलवरून गेले. तुम्ही म्हणालात "पूर्ण झाले" याचा अर्थ कागद छापला असा नाही, कप्सने सगळा माल केबलच्या पलीकडे दिला एवढाच, पलीकडच्याने तो घेतला का टाकून दिला हे असल्या जुन्या प्रिंटरच्या बाबतीत कप्सला धड कळत नाही. चार दिवस मी अलीकडेच खणत होतो, भानगड पलीकडे होती.

पलीकडचं बघायला तुम्ही एक छोटीशी कमांड दिलीत, यूएसबी-प्रिंटर-आयडी. फू-टू-झेडजेएस नावाच्या ड्रायव्हरसोबत येते ती, प्रिंटरला विचारते बाबा तू कोण. त्याने नाव सांगितलं, मॉडेल सांगितलं आणि बास. तुम्ही विचारलंत एफडब्ल्यूव्हीईआर (फर्मवेअरची, म्हणजे प्रिंटरच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची, आवृत्ती) असं काही दिसतं का. नाही दिसलं. "मग त्याच्या डोक्यात काहीच नाहीये," तुम्ही म्हणालात.

हे मला तोवर कोणीच सांगितलं नव्हतं. त्या काळातल्या स्वस्त लेझर प्रिंटरमध्ये फर्मवेअर कायमचं साठवायची सोयच ठेवलेली नसायची, चालू झाला की कॉम्प्युटरने ते पाठवायचं, प्रिंटर ते मेमरीत घेणार, बंद केला की ये रे माझ्या मागल्या. विंडोजमध्ये हे काम ड्रायव्हर गुपचूप करत होता म्हणून इतकी वर्षं मला पत्ताच नाही. आणि पानाचा हिशोब करण्याची अक्कलही त्याला नाही, ते सगळं कॉम्प्युटरने करून द्यायचं. तुम्ही आकडे घालून दाखवलंत तेव्हा डोळे उघडले, ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) ए४ पानाचे साधारण साडेतीन कोटी ठिपके, एका ठिपक्याला एक बिट धरला तरी चार एमबीच्या वर, आणि माझ्या प्रिंटरची मेमरी २ एमबी! म्हणून ड्रायव्हर ते जेबीआयजी पद्धतीने दाबून पाठवतो. मी इतके दिवस त्याला नुसता डबडा म्हणत होतो.

फर्मवेअर कंपनीच्या मालकीचं, म्हणून मिंटच्या पॅकेजात ते येत नाही, वेगळं उतरवावं लागतं, त्याला गेटवेब नावाची स्क्रिप्ट. ती चालू असताना तुम्ही १९८० च्या आसपासची ती अमेरिकेतल्या एमआयटीची गोष्ट सांगितलीत, झेरॉक्सने लॅबला लेझर प्रिंटर दिला पण सोर्स कोड दिला नाही, कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सोय तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती ती करता येईना, आणि पुढे १९८३ मध्ये त्यांच्या ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची घोषणा झाली त्याच्या मागे तो राग पण होता. म्हणजे हा सगळा प्रपंच मुळात प्रिंटरवर चिडून सुरू झालाय! मला जरा बरं वाटलं, आपण एकटेच चिडत नाही.

आणि मग तो क्षण. मला वाटलं आता दोन ओळींची अवघड कमांड येणार. तुम्ही म्हणालात कॅट, फाइलचं नाव, बाण, आणि डेव्ह-यूएसबी-एलपी-झिरो. फाइल नुसती उचलून प्रिंटरच्या तोंडात ओतायची. मी दोनदा विचारलं "एवढंच?" एंटर मारलं, दोन सेकंद काही नाही, आणि मग आतून घर्रर्र झालं, दिवा लुकलुकला, आणि मी एवढ्या जोरात ओरडलो की तुम्ही फोन कानापासून लांब धरला असणार. परत आयडी विचारला तर एफडब्ल्यूव्हीईआर हजर. आणि परत टेस्ट पेज दिलं तर ते लगेच बाहेर.

दुसऱ्या दिवशी बंद करून चालू केला तर परत ढिम्म, तेव्हा मी तुम्हाला जरा रडक्या आवाजात फोन केला होता त्याबद्दल सॉरी. ती चूक माझीच, त्या चार दिवसांच्या प्रयोगात मी दुसरा एक ड्रायव्हरचा संच टाकून ठेवला होता आणि प्रिंटर चालू झाला की दोघांचे युडेव्हचे नियम (यंत्र जोडलं की आपोआप काय करायचं ते सांगणारे) एकदम धावत होते, दोघांनाही तोच प्रिंटर हवा, आणि कोणाचंच फर्मवेअर धड पोचत नव्हतं. तो संच काढला, रीबूट केलं, आणि तेव्हापासून बटण दाबलं की आपोआप घर्रर्र.

तुम्ही एक गोष्ट आधीच सांगून ठेवलीत ती बरी केलीत, की कप्सच्या ३.० मध्ये जुन्या पद्धतीच्या पीपीडी फाइल (प्रिंटरला काय काय येतं ते सांगणाऱ्या) आणि ड्रायव्हर जाणार आणि असल्या प्रिंटरसाठी प्रिंटर ॲप्लिकेशन नावाचा मधला प्रोग्राम लागणार. म्हणजे कधीतरी हे परत बसवावं लागणार. तेव्हा मी आधी स्वतः बघेन, पाच प्रिंटर ॲड करणार नाही, शब्द देतो. त्या चिकटवलेल्या कमांडींपैकी ज्या आठवल्या त्या उलट्या फिरवल्यात, फोल्डरचे हक्क पण परत नीट केलेत, तुम्ही विचाराल म्हणून सांगून टाकतो.

एक मात्र राहिलं. फोनवर मी निदान दहा वेळा "मला यातलं काही कळत नाही" म्हणालो असेन आणि तुम्ही एकदाही "सोपंय हो" म्हणाला नाहीत. सोपं आहे म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायची लाज वाटते ना. तुम्ही दर वेळी फक्त "स्क्रीनवर काय दिसतंय ते वाचा" एवढंच म्हणालात. त्याबद्दल प्रिंटरपेक्षाही जास्त आभार.

तुमचा,
पाच प्रिंटरवाला

ता.क. काल रात्री वीज गेली आणि आली. मी दुसऱ्या खोलीत होतो. प्रिंटरचा घर्रर्र ऐकू येईपर्यंत श्वास धरून उभा होतो, आला.