किडनीच्या पेशंटचे डोळेही तपासा

महोदय,
आपल्या आरोग्य पुरवणीतला किडनीच्या आजारावरचा लेख आवडला, पण त्यात काचबिंदूचा (बहुतेकदा डोळ्यातलं प्रेशर वाढून नजरेची नस खराब करणारा आजार) साधा उल्लेखही नाही हे खटकलं. डायबेटिस आणि बीपीमुळे किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात तशा डोळ्यांच्याही होतात, काही जणांना डायलिसिस चालू असताना डोळ्यातलं प्रेशर वाढतं, ट्रान्सप्लांटनंतरच्या स्टेरॉइडनंही वाढू शकतं. शिवाय काचबिंदूवरची अ‍ॅसेटाझोलामाइड गोळी किडनीवाटेच बाहेर पडते, म्हणून किडनी कमजोर असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं, नेमकं तेच राहून जातं. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही आणि गेलेली नजर परत येत नाही. क्रिएटिनिनच्या (किडनीचं काम तपासणाऱ्या रक्तचाचणीच्या) रिपोर्टसोबत डोळ्यांच्या प्रेशरचा आणि नजरेच्या नसेच्या तपासणीचा रिपोर्टही पेशंटच्या फाइलमध्ये असायला हवा.
– एक वाचक