समुद्रविज्ञान प्रश्नमंजूषा आणि स्वयंसेवकांची तयारी

संपादक महोदय,

शालेय प्रश्नमंजूषेतला स्वयंसेवक म्हणजे खुर्च्या मांडणारा, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘नॅशनल ओशन सायन्सेस बोल’ या समुद्रविज्ञानाच्या शालेय प्रश्नमंजूषेत प्रश्न वाचणारा, वेळ पाहणारा, गुण लिहिणारा, नियमांचा पंच, विषयाचा पंच अशी वेगवेगळी माणसे लागत.

घोळ होतो तो वाचनात. प्रश्न पुरा होण्याआधी बझर वाजला, तर वाचकाने त्याच अक्षराला थांबावे. पुढचा एक शब्दही उत्तर सुचवून जातो. थर्मोक्लाइन, कोरिओलिस असे अवघड शास्त्रीय शब्द आदल्या दिवशी मोठ्याने वाचून ठेवावेत. चार-चारांचे दोन संघ म्हणजे आठ बझर. प्रत्येक फेरीआधी आठही दाबून पाहावेत, कारण एक बटण अडकले की बाकीचे बंद पडतात. गुण दोघांनी स्वतंत्र लिहावेत, मध्यंतरात ताळा करावा. हरकत पुढच्या प्रश्नाआधीच निकाली काढावी.

आपल्या किनाऱ्यावर अशी स्पर्धा घेताना मान्य उत्तरांच्या यादीत स्थानिक शब्द हवेतच. अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या लहान भरतीला कोकणातला मुलगा ‘भांग’ म्हणेल. ते उत्तर बरोबर आहे, पण पंचाला ते माहीत असले पाहिजे!

– काही स्वयंसेवक, रत्नागिरी