तटाइतकीच शिबंदीही महत्त्वाची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुलै २०२५ मध्ये प्रतापगडासह बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाल्यापासून आपल्या पुरवणीत गडकोटांवर सातत्याने लेख येत आहेत, याचा सातारकर म्हणून मला मनापासून आनंद आहे. मात्र त्यांत तट, बुरूज आणि दरवाजे यांचेच वर्णन असते. गडावरच्या शिबंदीच्या, म्हणजे पहाऱ्यावरच्या शिपायांच्या, पोटापाण्याची व्यवस्था काय होती, हे क्वचितच वाचायला मिळते.

हा प्रश्न किती मोलाचा आहे, हे मेक्सिकोच्या उत्तरेकडील स्पॅनिश सरहद्दीच्या इतिहासावरून कळते. तेथील ‘प्रेसिडिओ’ नावाची लष्करी ठाणी मार्केस दे रुबी या अधिकाऱ्याने राजा तिसरा कार्लोस याच्या हुकुमावरून १७६६ ते १७६८ या काळात फिरून तपासली, तेव्हा अनेक ठिकाणी कप्तान हाच दुकानदार झालेला होता. शिपायांचा पगार रोख हाती न पडता चढ्या भावाच्या मालात वळता होई आणि शिपाई कर्जात बुडालेला राही. टेक्साससारख्या दूरच्या प्रांतात तर अंगावर धड कपडे आणि हाती चालणारी बंदूक यांचीही वानवा होती.

त्यानंतर १७७२ ची नियमावली आली. पश्चिमेचे कॅलिफोर्नियाचे आखात आणि पूर्वेचे मेक्सिकोचे आखात यांच्या दरम्यान पंधरा ठाण्यांची रांग ठरली. साध्या शिपायाला वर्षाला २९० पेसो पगार ठरला आणि त्याने सहा घोडे, एक शिंगरू व एक खेचर बाळगावे, असा दंडक घातला गेला. अंगात बाण अडवणारा, चामड्याच्या अनेक थरांचा जाड अंगरखा असे. कप्तानाला शिपायांशी व्यापार करण्याची मनाई झाली आणि पगाराचा हिशेब ठेवणारा अधिकारी तुकडीनेच निवडावा, असे ठरले. १७७६ मध्ये हा मुलूख स्वतंत्र सेनापतीकडे गेला खरा, पण मला हिशेबाचे कलम त्याहून महत्त्वाचे वाटते. अर्थात ही सारी व्यवस्था अपाचींसारख्या मूळ रहिवाशांच्या भूमीवर ताबा टिकवण्यासाठी होती, हे विसरता येणार नाही.

आपल्याकडे त्याच्या शंभर वर्षे आधी शिवाजी महाराजांनी गडावर हवालदार (गडाचा मुख्य अधिकारी), सबनीस आणि सरनोबत (शिबंदीचा प्रमुख) असे तीन अधिकारी नेमून एकाच्याच हाती सारी सत्ता जाऊ दिली नव्हती, आणि जमाखर्च सबनिसाकडे असे. म्हणून विनंती अशी की, गडकोटांवरील लेखांत सबनिसाच्या दप्तरालाही जागा द्यावी आणि प्रतापगडावर बसणाऱ्या माहितीफलकांत शिबंदी व तिचे वेतन यांचा उल्लेख यावा, यासाठी आपण पाठपुरावा करावा.

आपला,
एक वाचक, सातारा